जुना कॉम्प्युटर देण्याआधी लायसन्स सोडवून घ्या

नवा कॉम्प्युटर घेताना जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेकदा दुकानदारच सोडवून टाकतो. ‘एक्स्चेंजला द्या, हजार-दीड हजार कमी करतो,’ म्हणतो आणि त्याचा माणूस जुना सीपीयू उचलून घेऊन जातो. चार दिवसांनी लक्षात येतं, की त्या डब्यासोबत वीस-बावीस हजारांचं टॅली गेलं, वर्षभराची मुदत शिल्लक असलेलं अँटिव्हायरस गेलं आणि मुलीनं घेतलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअरही गेलं. बिल फाइलला लावलेलं असतं, सीरियल नंबर डायरीत असतो, पण नव्या मशीनवर तो टाकला की पडद्यावर उत्तर येतं: हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे.

सध्या ही वेळ अनेकांवर येते आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ते पुष्कळ जुन्या मशीनवर चढत नाही. परिणामी चांगले चालणारे कॉम्प्युटर बदलले जातायत. यातली चांगली गोष्ट एवढीच, की ते चालतायत. जुना कॉम्प्युटर सुरू होतोय तोवर लायसन्स सोडवणं चहा संपेपर्यंत होणारं काम आहे. तो हातचा गेला, की त्याच कामासाठी ईमेल, फोन, बिलाच्या झेरॉक्स आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे सगळं मागे लागतं.

ॲक्टिव्हेशनमध्ये होतं काय? सॉफ्टवेअर तुमच्या मशीनचा एक ठसा घेतं. मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांच्या क्रमांकांवरून तो बनतो. हा ठसा आणि तुमचा सीरियल नंबर कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. तिथे त्या नंबरासमोर अमुक मशीन अशी नोंद पडते आणि परवानगीची एक फाइल तुमच्या डिस्कवर येऊन बसते. म्हणजे नोंदी दोन, एक तुमच्याकडे आणि एक कंपनीकडे. डिस्क फॉरमॅट केली की तुमच्याकडची पुसली जाते, कंपनीकडची जागच्या जागी राहते. ‘फॉरमॅट मारला म्हणजे लायसन्स मोकळं झालं’ हा समज इथेच फसतो. अनइन्स्टॉल करण्यावरही फार विसंबू नये. काही सॉफ्टवेअर जाता जाता सर्व्हरला कळवतात, पण तेव्हा इंटरनेट सुरू असावं लागतं. पुष्कळशी कळवतच नाहीत. गाव बदलताना आपण गॅसचं कनेक्शन एजन्सीत सरेंडर करून कागद हातात घेतो, नुसता सिलिंडर घरात ठेवून निघत नाही. इथेही तेच करायचं. मेनूत सरेंडर, डीॲक्टिव्हेट, रिलीज, ट्रान्सफर लायसन्स किंवा साधं साइन आउट यांपैकी काहीतरी सापडतं. सहसा ते हेल्प, अबाउट किंवा अकाउंट या नावांखाली दडलेलं असतं.

विंडोज सगळ्यांकडे असतं आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज त्या लॅपटॉपपुरतंच असतं. ही ओईएम प्रत. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या तिची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहून पाठवतात. ती नव्या लॅपटॉपवर नेता येत नाही आणि नेण्याची गरजही पडत नाही, कारण नव्यासोबत त्याचं स्वतःचं विंडोज येतं. स्वतंत्र विकत घेतलेली रिटेल प्रत मात्र जुन्या मशीनवरून काढून तुमच्याच नव्या मशीनवर घालता येते. असेंबल केलेला पीसी वापरणाऱ्यांनी आपल्याकडे यातलं काय आहे ते एकदा पाहून ठेवावं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर लिहा, एक जागा सोडा, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ द्या, तिला चिकटून डीएलआय लिहा आणि एंटर दाबा. क्षणभरानं एक छोटी चौकट येते. तिच्यात ‘ओईएम’ दिसलं तर लायसन्स मशीनचं, ‘रिटेल’ दिसलं तर तुमचं आणि ‘व्हॉल्यूम’ दिसलं तर कुठल्या तरी संस्थेचं. घरच्या पीसीवर ‘व्हॉल्यूम’ दिसत असेल, तर तो असेंबल करून देणाऱ्याशी जरा बसून बोलायला हवं.

मशीन तेच राहिलं पण मदरबोर्ड बदलला, तर विंडोजच्या लेखी तो नवा कॉम्प्युटर. गॅरंटीत असलेल्या लॅपटॉपचा बोर्ड बदलताना कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं विंडोज पुन्हा ॲक्टिव्ह करूनच दिलं पाहिजे, नाहीतर मशीन ताब्यात घेऊ नका. रिटेल प्रत असेल तर ती दुरुस्तीच्या आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा. नंतर सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन या वाटेनं ट्रबलशूटवर गेलात, की नुकतंच हार्डवेअर बदललंय असं सांगायचा पर्याय मिळतो आणि अकाउंटवरचं जुनं लायसन्स उचलता येतं. दुरुस्तीला देण्याआधी आणखी एक गोष्ट पाहा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि बोर्ड बदलल्यावर मशीन बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर लायसन्स दूरच राहिलं, फोटोही परत मिळणार नाहीत.

ऑफिसचं गणित वेगळं. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी असेल तर काळजीचं कारण नाही, ती अकाउंटची असते. एका व्यक्तीला एका वेळी पाच उपकरणांवर साइन इन राहता येतं आणि जुन्या मशीनवरून साइन आउट करणं वेबवरच्या अकाउंट पानावरून, दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर बसून जमतं. एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस एका पीसीसाठी असतं. २०१३ च्या ऑफिसमध्ये तर मायक्रोसॉफ्टनं ते पहिल्या पीसीला कायमचं बांधून टाकलं होतं. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी मार्चमध्ये अट बदलावी लागली. तेव्हापासून रिटेल ऑफिस तुमच्याच दुसऱ्या पीसीवर नेता येतं, फक्त ९० दिवसांतून एकदाच. जुना पीसी बिघडला असेल तर ही ९० दिवसांची अट आड येत नाही. आता आपल्याकडची खरी अडचण. लॅपटॉपच्या जाहिरातीत ‘ऑफिस होम अँड स्टुडंट, लाइफटाइम’ असं ठळक छापलेलं असतं. हे ऑफिस लॅपटॉपसोबत आलेलं असतं आणि त्याच्याबरोबरच जातं. लाइफ लॅपटॉपचं धरायचं, तुमचं नव्हे. नव्या मशीनवर ते मिळेल या हिशेबात राहू नका.

महाराष्ट्रातल्या छोट्या धंद्यांचा जीव ज्याच्यात असतो, ते म्हणजे टॅली. टॅलीप्राइमचं सिल्व्हर लायसन्स एका मशीनवर चालतं, गोल्ड एका जागेतल्या नेटवर्कवर अनेकांना वापरता येतं. दोन्हींत मशीन बदलताना आधी सरेंडर करावं लागतं. जुन्या कॉम्प्युटरवर टॅली उघडा, इंटरनेट चालू आहे ना पाहा, एफ वन दाबून हेल्पमध्ये जा. तिथून सेटिंग्ज आणि पुढे लायसन्स. सरेंडरवर गेलात की ज्या ईमेलवर लायसन्स नोंदलंय तो आणि त्याचा पासवर्ड विचारला जातो. ही पायरी कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात निम्मी मंडळी इथेच अडतात, कारण तो ईमेल कुणाचा हेच ठाऊक नसतं. ईमेल बरोबर असेल तर मिनिटाभरात लायसन्स सरेंडर झाल्याचा निरोप येतो आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये जातं. तो निरोप मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग नव्या मशीनवर टॅली बसवा, तोच सीरियल नंबर आणि तोच ईमेल द्या, मेलवर आलेली अनलॉक की भरा, काम संपलं.

गोल्ड वापरणाऱ्या ऑफिसांत लायसन्स एकाच मशीनवर बसलेलं असतं आणि बाकीची मशीनं नेटवर्कवरून त्याच्याकडे परवानगी मागतात. कोपऱ्यातल्या क्लार्कचा पीसी बदलताना सरेंडर वगैरे काही नको. मुख्य मशीन बदलताना मात्र सगळ्यांचं काम थांबतं, तेव्हा ते शनिवारी दुपारी करा. आणि कृपा करून मार्चअखेरीला किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी करू नका. अकाउंटंट लोकांना हे सांगायला नको, पण कॉम्प्युटरची ऑर्डर देणारे अकाउंटंट नसतात.

सरेंडर न करता मशीन गेलं आणि डेटा बॅकअपमधून नव्यावर आणला, तर टॅली उघडतं, जुन्या नोंदी दिसतात, सगळं ठीक आहे असं वाटतं. मग १३ तारखेचं व्हाउचर टाकायला गेलं, की ते तारीखच घेत नाही. एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याची १, २ आणि ३१ याच तारखा चालतात. काही जण तेवढ्यात भागवायचा प्रयत्न करतात, सगळी विक्री एक तारखेला दाखवून. असल्या वह्या ऑडिटरसमोर ठेवण्यापेक्षा दोन दिवस कागदावर लिहिलेलं बरं. अशा वेळी टॅलीच्या ग्राहकसेवेकडे किंवा तुमच्या भागातल्या टॅली पार्टनरकडे सीरियल नंबर आणि नोंदलेला ईमेल देऊन जुनं ॲक्टिव्हेशन मोकळं करून मागायचं. ते होतं. तसंच, लायसन्स हलवलं म्हणजे डेटा हलला असं नाही. कंपन्यांचे आकडी नावांचे फोल्डर वेगळे कॉपी करावे लागतात आणि नव्या मशीनवर ते उघडून बघेपर्यंत जुनं मशीन घराबाहेर जाता कामा नये.

छपाईच्या धंद्यात याहून चिवट प्रकरण असतं ते डोंगलचं. मराठी डीटीपी ज्या सॉफ्टवेअरांवर वाढली, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं पेनड्राइव्हसारखं छोटं कुलूप येत असे. त्याआधीच्या काळात तर ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे, प्रिंटरच्या जागी स्क्रूनं बसवायचं असे. डोंगलवाल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनवर नसतं, ते त्या कुलपात असतं. त्यामुळे कॉम्प्युटर बदलणं सोपं: सॉफ्टवेअर टाका, डोंगलचा ड्रायव्हर टाका, डोंगल लावा. अडचण दोनच ठिकाणी येते. जुना ड्रायव्हर नव्या ६४-बिट विंडोजवर बसत नाही, तेव्हा सीडीतला ड्रायव्हर बाजूला ठेवून कंपनीकडून ताजा मागवावा. दुसरी अडचण पाठीमागच्या रुंद पोर्टची. आजच्या मशीनला तो नसतोच. बाजारात मिळणारी यूएसबीची प्रिंटर केबल त्याला जोडून बघायचा मोह होतो. ती प्रिंटरसाठी बनलेली असते, डोंगल तिच्यातून सहसा ओळखला जात नाही. डेस्कटॉपमध्ये तशा पोर्टचं कार्ड बसवलं तर शक्यता बरी असते, पण जुना डोंगल कंपनीकडे देऊन यूएसबीचा घेता येतो का, हे आधी विचारा. जुन्या छापखान्यांत टेबलाखाली एखादा पिवळा पडलेला पीसी केवळ या एका कुलपासाठी जिवंत ठेवलेला दिसतो. त्यावर १५ वर्षांपूर्वीच्या पुस्तकांच्या फाइली असतात. त्या युनिकोडमध्ये नाहीत, आणि फाँट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी उमटते. पीसी मोडीत काढायचा असेल तर आधी त्या फाइलींच्या पीडीएफ करा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. दिवाळी अंकाची गडबड सुरू होण्याच्या आत.

डोंगलबद्दल एक निष्ठुर नियम लक्षात ठेवा. तो मोडला तर तुकडे परत दिल्यावर बहुतेक कंपन्या थोडी फी घेऊन बदलून देतात. हरवला तर मात्र सॉफ्टवेअरच हरवलं असं धरतात, कारण दुसरीकडे कुणी तो वापरतंय की नाही हे त्यांना कळायला मार्ग नसतो. म्हणून तुकडेसुद्धा फेकायचे नाहीत. महागडा डोंगल असेल तर ऑफिसच्या विम्यात त्याची किंमत सॉफ्टवेअरच्या बिलाइतकी लिहून घ्यावी, प्लास्टिकच्या तुकड्याची नव्हे. रिटर्न भरताना लागणारं डिजिटल सहीचं टोकन दिसायला असंच असतं, पण त्याचा मामला वेगळा. मशीन बदललं तर फक्त ड्रायव्हर टाकायचा. टोकन हरवलं तर सर्टिफिकेट तात्काळ रद्द करवून नवं काढायचं, कारण तुमची सही दुसऱ्याच्या खिशात गेलेली असते.

वर्गणीच्या सॉफ्टवेअरांबद्दल फार लिहायला नको. अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडला दोन मशीनवर साइन इन राहता येतं. तिसऱ्यावर गेलात की ते स्वतःच विचारतं, आधीच्यांतून कुठलं काढू? चोरीला गेलेलं मशीनही तिथूनच काढता येतं. ऑटोडेस्कनं २०१६ पासून ऑटोकॅडची कायमची लायसन्सं विकणं बंद केलं, आता सगळं नावावरच्या अकाउंटवर चालतं. सॉलिडवर्क्समध्ये हेल्प मेनूतून लायसन्स डीॲक्टिव्हेट करावं लागतं आणि ते विसरणारे इंजिनिअर पुण्या-नाशकात कमी नाहीत. अँटिव्हायरस, मग तो पुण्याच्या क्विक हीलचा असो की आणखी कुणाचा, काढण्याआधी त्याची प्रॉडक्ट की उतरवून घ्या, डीॲक्टिव्हेटचा पर्याय असेल तर तो वापरा आणि मगच काढा. उरलेले दिवस नव्या मशीनवर चालतात. मॅकवाल्यांनी म्युझिक ॲपमधून कॉम्प्युटर डीऑथराइज करावा. पाच मशीनची मर्यादा असते, आणि सगळी एकदम काढून टाकण्याची सोय वर्षातून एकदाच मिळते. फाइंड माय बंद करायला तर अजिबात विसरू नये, नाहीतर ज्याला मॅक विकला तो तुमच्या पासवर्डशिवाय तो नव्यानं सुरूच करू शकणार नाही.

आता वाईट प्रसंग. लॅपटॉप रेल्वेत राहिला, रिक्षात विसरला, ऑफिस फोडून नेला, किंवा वीज पडून मदरबोर्ड जळाला. पहिल्या तासात लायसन्सचा विचार करू नका. आधी मेल, बँक आणि सोशल मीडियाचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला आणि जिथे ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ असं बटण असेल तिथे ते दाबा. त्यानेच अर्धी वर्गणीची लायसन्सं आपोआप मोकळी होतात. मग पोलीस. चोरी असेल तर एफआयआर घ्यावा, नुसत्या अर्जावर शिक्का मारून परत पाठवलं तर आग्रह धरावा. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. गाडीत चोरी झाली तर लोहमार्ग पोलीस किंवा १३९ हा रेल्वेचा क्रमांक. नुसता हरवला असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करता येते. हा कागद विम्यासाठी लागतोच, शिवाय सॉफ्टवेअर कंपनीला पटवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

कंपनीला मेल कसा लिहायचा, यावर निकाल ठरतो. ‘सॉफ्टवेअर चालत नाही, लवकर मदत करा’ असा मेल गेला की तो तांत्रिक विभागात जातो आणि ‘रीस्टार्ट करून पाहा’ असं उत्तर येतं. विषयाच्या ओळीतच लिहा: कॉम्प्युटर चोरीला गेल्यामुळे जुनं ॲक्टिव्हेशन रद्द करून मिळण्याबाबत. मजकुरात सीरियल नंबर, ज्या नावावर आणि ईमेलवर नोंद आहे ते, बिलाचा क्रमांक आणि तारीख, मशीन कधी आणि कसं गेलं हे एका वाक्यात, आणि शेवटी नेमकी मागणी. बिल आणि तक्रारीची प्रत जोडा. धंद्याचं लायसन्स असेल तर लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी. मेल नोंदलेल्या ईमेलवरूनच जायला हवा. दुसऱ्या पत्त्यावरून पाठवलात तर तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करण्यात चार दिवस जातील. फोन करायचा तर मेलनंतर, तक्रार क्रमांक हातात घेऊन. बहुतेक कंपन्या पहिल्या खेपेला कुरकुर न करता मोकळं करून देतात. वर्षातून तिसऱ्यांदा मागितलं तर मात्र प्रश्न विचारतात, आणि ते बरोबरच आहे.

या सगळ्या कटकटीला कंटाळून स्वस्तातली की घेण्याचा रस्ता धरू नका. तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या विंडोज-ऑफिसच्या की बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेल्या असतात. आज चालतात, उद्या बंद पडतात, आणि मशीन बदलायची वेळ आली की दाद मागायला कुणी नसतं. चोरीच्या प्रतीबद्दल कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी त्यात तरतूद आहे. त्याच कायद्याचं कलम ५२ तुमच्या बाजूचंही आहे: रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची, हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून, राखीव प्रत काढून ठेवणं हा गुन्हा नाही. तेव्हा इन्स्टॉलरची फाइल निःशंक मनानं दुसऱ्या डिस्कवर ठेवा. तीन वर्षांनी कंपनीच्या पानावर ती जुनी आवृत्ती सापडेलच असं नाही.

आणि कधी कधी सर्व्हरच बंद होतो. अडोबीनं डिसेंबर २०१२ मध्ये सीएस२ या जुन्या संचाचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला, तेव्हा मालकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी आवृत्ती उपलब्ध करून दिली. हा सभ्यपणा सगळ्याच कंपन्यांकडून अपेक्षित धरू नये. संगीताच्या स्टुडिओंत वापरल्या जाणाऱ्या स्टाइनबर्गच्या ई-लायसेन्सर या लायसन्स-व्यवस्थेची ऑनलाइन सेवा २० मे २०२५ ला संपली. त्यानंतर, ज्यांचं लायसन्स डोंगलमध्ये नव्हे तर मशीनवर होतं, अशा जुन्या ग्राहकांची मशीन बदलताना अडचण झाली. तुमचं सॉफ्टवेअर दहा वर्षांपूर्वीचं असेल आणि कंपनी नवी आवृत्ती घ्या म्हणून मागे लागली असेल, तर मशीन बदलण्याआधी एक मेल टाकून विचारा: ही आवृत्ती आज नव्या मशीनवर ॲक्टिव्ह होईल का? लेखी उत्तर आलं तरच जुनी डिस्क पुसा.

शेवटची गोष्ट नावाची. लायसन्स तुमच्या पैशांनी घेतलेलं असतं, पण नोंदणीच्या वेळी डीलरचा मुलगा येतो, घाईत असतो, ईमेल विचारला तर मालक फोनवर असतात. मग तो स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. किंवा त्या वेळी अकाउंट सांभाळणाऱ्या मुलीचा खासगी मेल टाकला जातो आणि दोन वर्षांनी ती लग्न होऊन नाहीतर दुसऱ्या नोकरीत निघून जाते. ओटीपी जातो तिच्या बंद झालेल्या नंबरावर. मशीन बदलेपर्यंत हे कुणालाच जाणवत नाही. डीलर चांगला असेल तर एका फोनमध्ये करून देतो. भांडण झालेलं असेल, दुकान बंद पडलेलं असेल, तर महिना जातो. म्हणून धंद्यासाठी एक वेगळा ईमेल काढा, कुणा माणसाच्या नावाचा नको, दुकानाच्या किंवा फर्मच्या नावाचा. त्याला मालकाचाच मोबाइल जोडा. टॅली, अँटिव्हायरस, डिझाइनची सॉफ्टवेअरं, डोमेन, सगळं त्यावर हलवा. प्रत्येक सॉफ्टवेअरचा सीरियल नंबर, घेतल्याची तारीख, कोणत्या मशीनवर आहे आणि कोणत्या ईमेलवर नोंद आहे, हे वहीच्या एका पानावर लिहून बिलांच्या फाइलीत लावा. कॉम्प्युटरवरच साठवलेली यादी कॉम्प्युटरबरोबर जाते.

नवं मशीन घेण्याचा विचार नसला, तरी आजच डीलरला फोन करून एवढं विचारून घ्या, की आपल्या लायसन्सवर ईमेल कुणाचा आहे. उत्तर द्यायला तो अडखळला तर ते काम या आठवड्यातच करून टाका.